रिकाम्या गटाची उडी

"बाबा, तुम्हाला फक्त बसायचंय," कन्येने तिसऱ्यांदा सांगितलं. "काही करायचं नाही. कुणाला काही सांगायचं नाही. नुसतं बसायचं."

"एवढंच ना?" असं म्हणत सर बुटांच्या नाड्या बांधायला वाकले.

कन्येची आई शिलाई मशीनवर होती. तिने नवऱ्याकडे एकदा बघितलं. तिला काहीतरी बोलायचं होतं, पण ओठांत टाचण्या धरलेल्या असल्यामुळे ते राहून गेलं. बत्तीस वर्षांच्या संसारात तिने या माणसाला नुसतं बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. जेवतानासुद्धा त्यांचा एक पाय हलत असे.

सर म्हणजे व्हॉलीबॉलचे प्रशिक्षक. शाळेतून निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती, पण मैदान काही सुटलं नव्हतं. रोज संध्याकाळी तीस पोरं त्यांच्या शिट्टीवर धावत. त्यांचे नियम दोनच. पहिला, चेंडू आपल्या बोटाला लागून बाहेर गेला तर पंचाने विचारायच्या आत खेळाडूने स्वतःहून हात वर करायचा. दुसरा, मैदानावर पंक्तिप्रपंच चालणार नाही. पाण्याची एक बाटली उघडली तरी घोटघोट का होईना, सगळ्यांना मिळायला हवं. पहिल्या नियमाने त्यांना गावभर मान मिळवून दिला होता. दुसऱ्याने काय मिळवून दिलं, तीच ही हकिगत.

कन्या फिजिओथेरपीच्या शेवटच्या वर्षाला होती आणि तिचं घोडं प्रबंधापाशी अडलं होतं. तिच्या मार्गदर्शक मॅडमनी आधीचे दोन विषय परत पाठवले होते. पहिल्यावर 'उथळ' असा शेरा होता आणि दुसऱ्यावर शेरासुद्धा नव्हता, नुसती आडवी रेघ होती. तिसरा विषय एकदाचा पसंत पडला. खेळाडू हातापायांना ती रंगीबेरंगी ताणाची टेप लावतात, तिने स्नायूंची ताकद खरंच वाढते की नुसतं वाटतं? सोमवारी सगळे आकडे मॅडमच्या टेबलावर पोचले नाहीत तर परीक्षा सहा महिने पुढे जाणार होती, आणि एका दवाखान्याने तिच्यासाठी राखून ठेवलेली नोकरी दुसऱ्या कुणाला तरी मिळणार होती. कन्येच्या तोंडचं पाणी पळालं होतं ते यामुळे.

तीस खेळाडू सरांनी पुरवले. चिठ्ठ्या टाकून त्यांचे दहा-दहांचे तीन गट पाडले गेले. पहिल्या गटाच्या पोटऱ्यांवर टेप चांगली ताणून लावायची. दुसऱ्या गटाला तीच टेप, त्याच जागी, पण अजिबात न ताणता लावायची, म्हणजे दिसायला लावली पण कामाची नाही. आपल्याला कोणती लागली हे दोन्ही गटांना कळू द्यायचं नाही. आणि तिसऱ्या गटाला काहीच लावायचं नाही. प्रत्येकाने बोटांना खडू फासून भिंतीपाशी एक उंच उडी मारायची, अर्धा तास थांबायचं आणि मग दुसरी उडी मारायची. पहिल्या खुणेपेक्षा दुसरी खूण किती वर गेली, ते मोजायचं.

पट्ट्या कापायचं काम आईने केलं. वीस जणांच्या चाळीस पोटऱ्या, म्हणून चाळीस पट्ट्या. टोकं उचकटू नयेत म्हणून तिने प्रत्येकीचे कोपरे गोल कापले होते. "दहा जास्तीच्या कापल्यात," पिशवी देताना ती म्हणाली. "एखादी वाकडी चिकटली तर अडायला नको."

क्लबच्या सभागृहात कन्येने पहिले दोन गट आपल्या नजरेसमोर ठेवले आणि तिसऱ्या गटाला शेजारच्या सामानाच्या खोलीत बसवलं. एका गटाचं दुसऱ्याशी बोलणं होऊ नये म्हणून खोलीवर कुणीतरी मोठं माणूस हवं होतं. तिने फार विचार करून वडिलांना तिथे नेमलं. ज्या गटाला काहीच करायचं नाही, त्या गटात बिघडवण्यासारखं ते काय असणार? जास्तीच्या पट्ट्यांची पिशवीही तिने त्यांच्याकडेच सांभाळायला दिली. हुशार मुलगी, पण बापाच्या बाबतीत भाबडी.

सामानाच्या खोलीत जुन्या जाळ्या, हवा गेलेले चेंडू आणि दहा पडलेले चेहरे होते. पोरांनी पाच मिनिटांत आपल्या गटाचं बारसं करून टाकलं होतं: रिकामा गट.

"सर," शिडी म्हणाला. शिडी म्हणजे संघाचा कप्तान. त्याची उंची सांगायची गरज नसावी. "आम्हाला का नाही टेप?"

"चिठ्ठीत तसं निघालं."

"त्या लोकांना निळी टेप लावली, सर. दाराच्या फटीतून बघितलं मी. दोन्ही पायांना."

"फटीतून बघू नकोस."

"आम्ही कच्चे आहोत म्हणून का, सर?" हा प्रश्न चेंडूचा. चेंडू हा संघातला सगळ्यात गोल आणि सगळ्यात हळवा खेळाडू. "तसं असेल तर सांगा. आम्ही वाईट वाटून घेणार नाही." आणि हे म्हणताना त्याने शर्टाच्या बाहीने नाक पुसलं.

सर मूग गिळून बसले. बोलायचं नाही असा शब्द दिला होता. त्यांनी छताकडे बघितलं, जाळ्यांच्या गाठी मोजल्या. पलीकडून 'आता पाय सरळ, हलू नका' असे कन्येचे आवाज येत होते, आणि इकडे दहा पोरं हवा गेलेल्या चेंडूंच्या रांगेत त्यांच्यातलीच होऊन बसली होती. चार वर्षांपूर्वी निवृत्तीच्या दिवशीही सरांना इतकं वाईट वाटलं नव्हतं. मांडीवरच्या पिशवीत दहा पट्ट्या होत्या. समोर दहा पोरं होती. हा हिशेब मनात जुळायला नको होता, पण जुळला.

"दार लावून घे," ते शिडीला म्हणाले.

पोटरीवर लावली तर कन्येला दिसेल, एवढं भान त्यांना होतं. म्हणून त्यांनी पोरांना शर्ट वर करायला लावले आणि एकेकाच्या पाठीवर, बरोबर मधोमध, एकेक पट्टी दाबून चिकटवली. सगळ्यांना सारखी. वर हळू आवाजात म्हणाले, "ही साधी टेप नव्हे. त्यांना जी लावली ती वेगळी, ही वेगळी. ही मी तुमच्यासाठी राखून ठेवली होती. का, ते विचारू नका. कुणाला सांगू नका. ताईला तर मुळीच नाही."

दहा पाठी ताठ झाल्या. चेंडूने डोळे पुसले. सरांना वाटलं, झालं ते चांगलंच झालं. पाठीचा आणि उडीचा काय संबंध? पोरं खूश, मुलीचा अभ्यास सुखरूप आणि दोन्हीचं श्रेय आपलं. अर्धा तास ते मोठ्या समाधानाने नुसते बसले.

मग दुसऱ्या उड्या झाल्या. पहिला गट सरासरी एक सेंटिमीटर वर गेला. दुसराही एकच. कन्येने दोन्ही आकडे लिहिले आणि रिकाम्या गटाला हाक मारली.

शिडी उडाला तो सहा सेंटिमीटर. चेंडू पाच. एक जण इतका वर गेला की खडूची खूण भिंतीला लावलेल्या कागदाच्याही वर उमटली. उडी मारून प्रत्येक जण सरांकडे बघे आणि गूढ हसे. गटाची सरासरी चार सेंटिमीटर भरली. कन्येने मोजपट्टी तपासली, भिंत तपासली, शेवटी स्वतःचा चष्मा पुसला.

"बाबा, या लोकांनी खोलीत काही केलं का?"

"बसले होते," सर म्हणाले. हे अक्षरशः खरं होतं.

"आणि उरलेल्या पट्ट्या?"

"जागच्या जागी आहेत," सर म्हणाले. हेही खरंच होतं.

कन्येने पहिल्या दोन गटांच्या टेपा तेल लावून अलगद सोडवून घेतल्या. तिसऱ्या गटाला काढायला काहीच नव्हतं, म्हणून ते दहा जण तसेच घरी गेले.

सरांच्या मामल्यातली खरी मेख इथे होती. टेप पाठीच्या मधोमध लावली की लावून घेणाऱ्याचा हात तिथे पोचत नाही. घरी कुणाला सांगायची बंदी. घामाने कडा खाजायला लागल्या, पण मधला भाग काही जागा सोडेना. चेंडूने दाराच्या चौकटीला पाठ घासून बघितली, तेव्हा त्याच्या आईने त्याला कृमींचं औषध पाजलं. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता सरांच्या फोनवर दहा निरोप येऊन पडले होते. सगळ्यांचा अर्थ एकच: सर, काढा.

"कन्या नऊला कॉलेजला जाते," सरांनी उत्तर धाडलं. "साडेनऊला मागच्या दाराने या. एकेक करून."

नऊ वाजले, पण कन्या गेली नाही. तिने रात्रीच मॅडमना आकडे कळवले होते आणि मॅडमनी सकाळी फोन केला होता. "काहीच न लावलेला गट सगळ्यात पुढे? असं मी वीस वर्षांत पाहिलं नाही. तू येऊ नकोस, मी तुमच्याच बाजूला येतेय. मूळ कागद बघायचेत मला." साडेनऊला पाच मिनिटं असताना मॅडम पुढच्या दाराने आत आल्या. नेमक्या त्याच वेळी मागच्या दारात शिडी वाकून उभा होता, आणि त्याच्यामागे अंगणात रांग लागली होती. एकेक करून येण्याचा धीर कुणालाच नव्हता.

"अहो, हे काय?" आई स्वयंपाकघरात ओट्यापाशी होती.

"काही नाही. पाच मिनिटांचं काम आहे," असं म्हणून सरांनी शिडीचा शर्ट वर केला, पट्टीचं टोक धरलं आणि एका झटक्यात खेचली.

शिडीने मारलेली किंकाळी पुढच्या खोलीत कपबशीवर आदळली.

"काय झालं?" मॅडमनी विचारलं.

"बाबा खेळाडूंना शिकवतात," कन्या गोंधळून म्हणाली. "घरीसुद्धा."

स्वयंपाकघरात आईने शिडीची पाठ बघितली, पट्टी बघितली आणि तिचे गोल कोपरे बघितले. आपल्या हातची कापणी ती कुठेही ओळखत असे. "ह्या माझ्या जास्तीच्या पट्ट्या!" ती दबक्या आवाजात ओरडली. हे तिला कसं जमलं कोण जाणे. "सर! तुम्ही काय करून ठेवलंत?" नवरा फार पुढे गेला की ती त्याला सर म्हणे.

"आधी उपाय सांग, मग रागाव."

"तेल लावा, तेल. दहा मिनिटं मुरू द्या. केस उपटताय का पोराचे?"

मग तेलाची वाटी फिरली. नऊ उघड्या पाठी चकचकीत होऊन स्वयंपाकघरात भिंतीला समांतर उभ्या राहिल्या, कारण टेकायची सोय नव्हती. सर एका पाठीकडून दुसऱ्या पाठीकडे फिरत होते. आणि पुढच्या खोलीत मॅडमचा आवाज चढत होता, पण तो रागाचा नव्हता.

"तू तुझ्या अपेक्षेविरुद्धचे आकडे लपवले नाहीस, हे मला फार आवडलं," त्या कन्येला सांगत होत्या. "मुलं आकडे सावरतात. तू नाही सावरलेस. हे असंच जाऊ दे. टेप लावल्याने उडी कमी होते असा निष्कर्ष निघतोय. मोठ्या परिषदेत मांडू आपण."

सरांचा तेलकट हात तिथल्या तिथे थांबला. पोरगी खूश होती, ते तिच्या 'हो मॅडम'वरूनच कळत होतं. नोकरी पक्की, परीक्षा पक्की. आता गप्प बसलं की सगळं साधणार होतं, आणि गेल्या दोन दिवसांत पहिल्यांदाच नुसतं गप्प बसायची कुणी सक्ती केली नव्हती. त्यांनी पोरांकडे बघितलं. दहा पोरं त्यांच्याकडे बघत होती. त्यांनाही पुढचं सगळं ऐकू आलं होतं. जाळीवर अडवताना चेंडू बोटाला चाटून गेल्यावर मैदानात जी शांतता होते, ती त्या स्वयंपाकघरात झाली.

सर पुढच्या खोलीच्या दारात जाऊन उभे राहिले. त्यांनी उजवा हात सरळ वर केला. बोटांवरून तेल कोपरापर्यंत ओघळलं.

"बाबा, काय?" कन्या म्हणाली.

"माझ्या हाताला लागला," सर म्हणाले.

त्यांच्यामागे शिडी येऊन उभा राहिला आणि त्याने हात वर केला. त्याच्यामागे चेंडूने. मग एकामागून एक उघडी, तेलकट पोरं दारात दाटली आणि सगळ्यांचे हात वर. मॅडमच्या हातातला कप तसाच राहिला.

सरांनी सगळं सांगितलं. काही गाळलं नाही. कन्येचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला, आणि मग ती खुर्चीत मटकन बसली. "बाबा, तुम्हाला फक्त बसायचं होतं," एवढंच ती म्हणाली. ती रडली असती तर सरांना परवडलं असतं.

"एक मिनिट," मॅडम म्हणाल्या. "पट्टी कुठे लावली म्हणालात?"

"पाठीवर."

"पोटरीच्या चाचणीला पाठीवर?"

"दिसू नये म्हणून."

"ताणून लावली?"

"ताण कसा द्यायचा ते मला कुठे येतं? दाबली नुसती."

मॅडम बराच वेळ चेंडूच्या पाठीकडे बघत राहिल्या. त्यांचे ओठ थरथरले. कन्येने तीन वर्षांत त्यांना हसताना पाहिलं नव्हतं, म्हणून मॅडमना काहीतरी होतंय असं वाटून ती पाणी आणायला उठली. पण मॅडम हसतच होत्या, आणि हसण्याची सवय नसल्यामुळे त्यांना ते आवरतही नव्हतं.

"तिसऱ्या गटाचे आकडे बाद," शेवटी डोळे पुसून त्या म्हणाल्या. "रविवारी याच दहा जणांना पुन्हा उड्या मारायला लावायच्या. काही न लावता. मी स्वतः हजर राहीन. सोमवारी कागद माझ्या टेबलावर. आणि सर, तुम्ही सभागृहाच्या आसपाससुद्धा दिसायचं नाही."

रविवारची सकाळ सरांनी कशी काढली ते आईलाच माहीत. त्यांनी घरातले सगळे बूट पुसले, पाण्याची टाकी दोनदा बघून आले, शेवटी आईने त्यांच्या हातात कापडाचं एक टोक देऊन त्यांना खुंटीसारखं उभं केलं. दुपारी कन्या आली. पिशवी ठेवली, पाणी प्यायली. सर कापड सोडायला तयार नव्हते.

"जमलं," ती म्हणाली. "दहाही जण पहिल्या खुणेवरच अडकले. एक मिलिमीटर कुणी वर गेलं नाही. शिडी तर दोन सेंटिमीटर खाली आला."

"का? बरं नव्हतं का त्याला?"

"चांगला ठणठणीत होता. सारखा दाराकडे बघत होता. सर येणार नाहीत का, असं सगळ्यांनी दोनदोनदा विचारलं." ती थांबली. "मॅडमनी तेही लिहून घेतलं."

आपल्या पोरांच्या उड्या खाली आल्या हे ऐकून सरांना मनापासून बरं वाटलं होतं, आणि बरं वाटल्याची तितकीच लाज वाटत होती. त्यांनी कापडाचं टोक डोळ्यांपाशी नेलं. "फॉल खराब कराल," आई म्हणाली, पण तिने ते ओढून घेतलं नाही.

आकडे सोमवारी पोचले. प्रबंध झाला, परीक्षा झाली, आणि त्या दवाखान्यातली नोकरीही लागली. ताणलेल्या टेपने आणि न ताणलेल्या टेपने उडीत सारखाच फरक पडला, तोही अगदी जेमतेम, असा निष्कर्ष निघाला. तो कुणालाच फारसा आवडला नाही, पण खोटा म्हणता आला नाही. एका संध्याकाळी कन्येने प्रबंधाची बांधलेली प्रत घरी आणली आणि जरा घाबरतच वडिलांच्या हातात दिली. 'अभ्यासाच्या मर्यादा' या प्रकरणात तिला एक गोष्ट लिहावीच लागली होती. मॅडमनी ती गाळू दिली नव्हती.

सरांनी चष्मा लावला आणि पान उघडून मोठ्याने वाचलं. "'प्रशिक्षकाच्या उपस्थितीत तिसऱ्या गटाच्या उडीत झालेली वाढ ही दोन्ही प्रकारच्या टेपमुळे झालेल्या वाढीपेक्षा चौपट होती. त्यामुळे या नोंदी बाद कराव्या लागल्या. पुढील अभ्यासकांनी चाचणीच्या काळात प्रशिक्षकाला खोलीबाहेर ठेवावे.'"

कन्येने मान खाली घातली. सरांनी ते मनातल्या मनात पुन्हा वाचलं, पानात बोट घालून प्रबंध मिटला आणि पायात बूट सरकवले.

"कुठे निघालात?" आईने विचारलं.

"मैदानावर. पोरांना दाखवून आणतो. चौपट म्हणून छापलंय!"

"अहो, पुढचं वाक्य वाचलंत ना? खोलीबाहेर ठेवावे म्हणून?"

"वाचलं की," दारातून सर म्हणाले. "खोलीबाहेरच चाललोय."